चोरीचा पैसा सीमेपार गेला की देशाचं धोरणही त्याच्यामागे जातं का?

नदीकाठ (धागाकर्ता)

गेले काही आठवडे मोल्दोव्हाबद्दल वाचतोय. रुमानिया आणि युक्रेनच्या मधे वसलेला, जेमतेम २५ लाख वस्तीचा देश. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या तीन बँकांमधून सुमारे १ अब्ज डॉलर गायब झाले. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या साधारण १२ टक्के! आधी बँकांची मालकी हळूहळू आपल्या माणसांच्या हाती आणली. मग या बँकेतून त्या बँकेत, तिथून तिसरीत अशी कर्जं फिरवली. आणि अखेरच्या तीन दिवसांत मोठी रक्कम लॅटव्हियातल्या खात्यांमार्गे, ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या कागदी संस्थांच्या नावावर, बाहेर काढली. कागदपत्रं घेऊन निघालेली एक गाडी त्याच सुमारास चोरीला गेली आणि जळालेल्या अवस्थेत सापडली.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर येते. पुढची परराष्ट्र पानावर. या प्रकरणात दोषी ठरलेला इलान शोर आधी एका शहराचा महापौर झाला, मग खासदार झाला, २०१९ मध्ये देश सोडून पळाला. २०२३ मध्ये त्याच्या गैरहजेरीत १५ वर्षांची शिक्षा झाली. आज तो मॉस्कोत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या दिशेनं जायचं की नाही यावर मोल्दोव्हात सार्वमत झालं, तेव्हा १ लाख ३० हजारांहून जास्त मतदारांपर्यंत त्याच्या यंत्रणेमार्फत रशियातून पैसे पोचवले गेले, असं तिथल्या पोलिसांनी जाहीर केलं. सार्वमत पार पडलं ते अवघ्या साडेदहा हजारांच्या आसपास मतांच्या फरकानं.

म्हणजे बँक लुटल्याची केस असलेला माणूस दहा वर्षांनी एका देशाची दिशा बदलायच्या बेतात होता. ही दोन पानं आपण वेगळी का वाचतो, हे मला कळत नाही. आर्थिक गुन्हा आणि भ्रष्टाचार हे प्रादेशिक अस्थिरतेचं कारण मानायचं की नुसतं लक्षण? हळहळ व्यक्त करण्यापेक्षा प्रत्यक्ष उदाहरणं द्या, ही विनंती. मतभेद असतील तर जास्तच आवडेल.

काजवा

बापरे. साडेदहा हजार मतं! वाचतेय.

अर्धविराम

धागा चांगला आहे, पण मूळ गृहीतकाशी असहमत.

देश चालतात भूगोल, सैन्य, तेल, पाणी आणि शेजारी यांवर. भ्रष्टाचार सगळीकडे आहे, अस्थिरता सगळीकडे नाही. इंडोनेशियात सुहार्तोंची राजवट तीस वर्षांहून अधिक टिकली. त्या घराण्यानं किती गोळा केलं हे जगजाहीर होतं, तरी त्या काळात देश स्थिर होता, अर्थव्यवस्था वाढत होती, बडी राष्ट्रं मैत्री ठेवून होती. दक्षिण कोरियात एकामागून एक राष्ट्राध्यक्ष लाचखोरीच्या खटल्यांत अडकले, देश पुढेच गेला. मोल्दोव्हाची अडचण शोर ही नाही. शेजारी युद्ध चाललंय आणि ट्रान्सनिस्ट्रियात, म्हणजे मोल्दोव्हातून फुटलेल्या पट्ट्यात, रशियन सैनिक बसलेत, ही आहे. शोर नसता तर दुसरं कुणी सापडलं असतं.

तिसरी घंटा

@अर्धविराम, सुहार्तोंचं उदाहरण अर्ध्यात सोडलंत. १९९७ मध्ये आशियाई चलनसंकट आलं तेव्हा गोतावळ्याला वाटलेली कर्जं एकदम उघडी पडली, बँका कोसळल्या आणि मे १९९८ मध्ये राजवट गेली. जाताना दंगली, हत्या, आणि पुढच्याच वर्षी पूर्व तिमोरमधला रक्तपात. तीस वर्षांची स्थिरता उधारीची होती.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे कागदावरचे सैनिक. जून २०१४ मध्ये इराकी लष्कर मोसुल शहरात आयसिसपुढे ज्या वेगानं कोसळलं त्याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं, की ५० हजार सैनिक फक्त पगारपत्रकावर आहेत. चार डिव्हिजनचं बळ! पगार निघत होता, सैनिक नव्हता. कुठे माणूसच अस्तित्वात नसे, कुठे तो घरी बसून अर्धा पगार वरिष्ठाला देई. हल्ला झाला तेव्हा नकाशावर जी फौज दिसत होती ती मैदानात नव्हतीच.

अफगाणिस्तानात हेच, आणि वर्षानुवर्षं. त्यात २०१० मध्ये काबूल बँक बुडाली. ठेवीदारांचे ९० कोटी डॉलरच्या आसपास मोजक्या भागधारकांनी आणि त्यांच्या सत्तेतल्या सोबत्यांनी बोगस कर्जं दाखवून उचलले. सैनिक-पोलिसांचे पगार याच बँकेतून व्हायचे. ज्या शिपायानं डोंगरातल्या चौकीवर जीव धोक्यात घालायचा, त्याला आपला पगार वरचा खातोय हे रोज दिसत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चौक्या एकामागून एक न लढता सोडल्या गेल्या. त्यामागे अमेरिका आणि तालिबानमधला दोहा करार आणि अमेरिकेची माघार होतीच, ते नाकारत नाही. पण ज्याला महिनोन्महिने पगार आणि रसद मिळालेली नाही तो कुणासाठी मरणार?

तेव्हा 'सैन्य महत्त्वाचं, भ्रष्टाचार दुय्यम' असं म्हणताना सैन्यच खाऊन टाकलं असेल तर काय, याचं उत्तर द्या.

खातेवही

या विषयावर बोलायला मला थोडा अधिकार आहे, म्हणून लिहितो. ११ वर्षं एका परदेशी बँकेत कम्प्लायन्समध्ये, म्हणजे व्यवहार नियमांत बसतात का ते तपासणाऱ्या विभागात होतो. नाव लिहीत नाही.

पैसा 'गायब' होतो म्हणजे काय होतं हे बहुतेकांना चोरवाटा, सुटकेसेस असं काहीतरी वाटतं. माझ्या टेबलावर ते असं दिसायचं: एक कंपनी, तिची मालक दुसऱ्या देशातली कंपनी, तिची मालक एक भागीदारी संस्था, तिचे भागीदार पुन्हा दोन बेटांवरच्या कंपन्या. आम्ही प्रिंट काढून कागद चिकटपट्टीनं जोडायचो, टेबल पुरायचं नाही. शेवटच्या चौकोनात एकदाचं माणसाचं नाव यायचं. आणि तीच सही, त्याच वळणाची, मी आधीच्या महिन्यात आणखी तीन वेगळ्या फायलींत पाहिलेली असायची. सही करायचे पैसे घेणारी व्यक्ती. फोन लावला की तो कंपनी नोंदवून देणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात वाजायचा.

एकदा पाण्याच्या पंपांचं बिल आलं. पंप पाठवलेले, पैसे आलेले, सगळं जागच्या जागी. मी सहज जहाजाच्या कागदावरचं वजन पंपांच्या संख्येनं भागलं. एक पंप चारशे ग्रॅमचा येत होता. नोंद वर पाठवली, चार दिवसांनी 'ग्राहकाचं स्पष्टीकरण समाधानकारक' असा शेरा मारून बंद झाली. ते पंप कुणाच्या सरकारी योजनेतले होते हे नंतर कळलं, तो देश आधीच कर्जात बुडालेला. त्या रात्री झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

काजवा

चारशे ग्रॅमचा पंप! @खातेवही, अंगावर काटा आला. आणि एकेका पत्त्यावर शेकडो कंपन्या असतात म्हणे. वार्षिक सभा जिन्यात उभ्यानंच घेत असतील :)

पूर्वरंग

मोझांबिकबद्दल कुणी लिहील असं वाटलं होतं. मीच लिहिते.

२०१३-१४ मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जं घेतली. एक टुना मासेमारीसाठी, एक जहाजदुरुस्तीसाठी आणि एक, हे लक्षात ठेवा, किनाऱ्याच्या संरक्षणासाठी. कर्जाला सरकारची हमी, पण संसदेला पत्ता नाही. क्रेडिट स्विस आणि एक रशियन बँक यांनी पैसे उभे केले, आणि ते थेट जहाजं पुरवणाऱ्या कंपनीकडे गेले. मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना, खुद्द बँकेतल्या काही जणांनाही लाच मिळाली. मासेमारीच्या नव्याकोऱ्या बोटी राजधानी मापुटोच्या धक्क्याला गंजत पडून राहिल्या.

२०१६ मध्ये लपवलेली कर्जं उघडकीला आली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं मदत थांबवली, देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला हातभार लावणं बंद केलं, चलन घसरलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये देशानं रोख्यांचे हप्ते चुकवले. दवाखाने, शाळा, पोलीस, सगळीकडे हात आखडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतात मोसिंबोआ दा प्राया इथं पहिला सशस्त्र हल्ला झाला. २०२० मध्ये बंडखोरांनी त्या गावाचं बंदरच ताब्यात घेतलं आणि वर्षभर सोडलं नाही. मार्च २०२१ मध्ये त्याच प्रांतातल्या पाल्मा गावावर हल्ला झाला, टोटल कंपनीनं २० अब्ज डॉलरचा वायुप्रकल्प थांबवला. मग रवांडाचं सैन्य आलं, दक्षिण आफ्रिकी प्रदेशातल्या देशांची संयुक्त फौज आली.

किनारा राखायच्या नावानं काढलेलं कर्ज, आणि परकी सैन्य आल्याशिवाय न सुटलेलं तोच किनारा. त्या वेळचे अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं दोषी धरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. मोझांबिकच्या लोकांवर अन्याय झाला आणि निकाल न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल लागला, हे मला अजून पचत नाही.

शुक्रतारा

'तोच किनारा' नको, 'तो किनारा' :) बाकी प्रतिसाद अप्रतिम.

पूर्वरंग

@शुक्रतारा, चूक मान्य. संपादनाची वेळ उलटून गेली, राहू दे आता तशीच.

अर्धविराम

@पूर्वरंग, माहिती नेमकी आहे, पण काबो देल्गादोतल्या बंडामागे कर्ज आहे असं ओघात सुचवलं जातंय. तिथं आधीपासून दुर्लक्ष होतं, माणिक आणि वायूसाठी लोकांना जमिनीवरून हुसकलं होतं, धार्मिक कट्टर गट काही वर्षं मूळ धरत होते. कर्ज उघडकीला आलं नसतं तरी बंड झालंच असतं.

@तिसरी घंटा, सैन्याचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. याचा विचार केला नव्हता.

पूर्वरंग

बरोबर आहे, सरळ रेघ ओढता येणार नाही. बंडाची मुळं जुनी. मी म्हणते ते इतकंच, की ठिणगी पडली तेव्हा विझवायला सरकारकडे ना पैसा होता ना पत. ती पत दोन अब्ज डॉलरला विकून झाली होती.

शुक्रतारा

आता जरा वेगळी बाजू. वर सगळे सत्ताधाऱ्यांच्या चोरीबद्दल बोलले. पण साध्या फसवणुकीच्या धंद्यानंही सीमेवरचं युद्ध फिरतं, त्याचं उदाहरण म्यानमार.

म्यानमार-चीन सीमेवर कोकांग नावाचा भाग आहे, लाउक्काई हे त्याचं मुख्य गाव. तिथली चार घराणी लष्कराच्या आशीर्वादानं राज्य करत होती. आधी अफू, मग जुगारघरं, मग कोविडनंतर ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने. नोकरीच्या आमिषानं देशोदेशीची तरुण मुलं आणायची, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि दिवसाला इतकी माणसं गळाला लावलीच पाहिजेत असा कोटा द्यायचा. म्यानमारमध्ये असे किमान १ लाख २० हजार लोक डांबलेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिला होता.

लुबाडले जाणारे आणि डांबले जाणारे, दोन्हींत चिनी नागरिक फार. बीजिंगनं लष्करी सरकारला वारंवार सांगितलं, लष्करानं काही केलं नाही, कारण त्या घराण्यांचे लोक लष्कराच्याच सीमारक्षक दलात. २७ ऑक्टोबर २०२३ ला तीन सशस्त्र गटांच्या आघाडीनं हल्ला चढवला आणि जाहीरनाम्यातच फसवणुकीचे अड्डे मोडून काढण्याचं उद्दिष्ट लिहिलं. चीननं आडकाठी केली नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला लाउक्काई पडलं. २०२१ च्या सत्तांतरानंतर लष्कराला बसलेला तोवरचा सगळ्यात मोठा तडाखा.

आणि पुढचं पाहा. अड्डे मोडले, आरोपी चीनच्या हाती आले, तशी चीनला लष्कर पूर्ण कोसळण्याची काळजी वाटू लागली. त्याच आघाडीतल्या एका गटानं पुढे जिंकलेलं लाशिओ शहर एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या दबावाखाली लष्कराला परत द्यावं लागलं. अड्डे काही संपले नाहीत, खाली थायलंडच्या सीमेकडे, म्यावाडीच्या बाजूला जोरात राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडनं त्या भागाची वीजच तोडली.

माझ्या ओळखीतला एक मुलगा अशा ठिकाणी पाच महिने होता. परत आल्यावर सांगत होता, प्रत्येकाला दहा फोन आणि एक जाड वही मिळायची. वहीत समोरच्यानं काय म्हटलं तर काय उत्तर द्यायचं ते लिहिलेलं. विधवा असेल तर हे पान, निवृत्त असेल तर ते पान. तो आजही अनोळखी नंबरचा फोन उचलत नाही.

काजवा

विधवा असेल तर हे पान. काय बोलावं.

त्या मुलाला सांग, इथल्या सगळ्यांना त्याची काळजी आहे.

रेघोट्या

@शुक्रतारा, तुझ्या मुद्द्याला जोडून. फेब्रुवारी २०१६, बांगलादेश बँक, म्हणजे त्या देशाची मध्यवर्ती बँक. दहाव्या मजल्यावर एक प्रिंटर होता. स्विफ्टवरचे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरचे व्यवहार त्यातून आपोआप छापून निघायचे. शुक्रवारी सकाळी तो बंद पडलेला दिसला. प्रिंटर बिघडतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. चालू झाला तेव्हा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडून विचारणा छापून निघाल्या: तुमच्या खात्यातून जवळपास सगळे पैसे काढायच्या सूचना आल्यात, खरंच का?

एकूण मागणी ९५ कोटी १० लाख डॉलरची. वेळ कशी निवडली पाहा. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. वाचले ते योगायोगानं. मनिलातली ज्या शाखेत पैसे जायचे ती ज्युपिटर नावाच्या रस्त्यावर होती आणि निर्बंधांच्या यादीत त्याच नावाचं एक जहाज होतं, म्हणून बरेचसे व्यवहार तपासणीसाठी अडले. श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावात 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं म्हणून २ कोटी अडले. ८ कोटी १० लाख मात्र मनिलाच्या खात्यांत पोचले आणि तिथून जुगारघरांत. त्या वेळी फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात जुगारघरं येतच नव्हती, तो कायदा २०१७ मध्ये बदलला.

अमेरिकेच्या न्याय खात्यानं २०१८ मध्ये या प्रकरणात उत्तर कोरियाच्या एका प्रोग्रॅमरवर आरोप ठेवले. २०१७ ते २०२३ या काळात उत्तर कोरियाशी जोडलेल्या सायबर चोऱ्यांची बेरीज ३ अब्ज डॉलरच्या घरात जाते, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं म्हटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या आभासी चलनाच्या बाजारातून एका फटक्यात दीड अब्ज गेले, तो आरोपही उत्तर कोरियावरच. अशा चोऱ्यांचा पैसा शस्त्रकार्यक्रमाला लागतो, असं त्या तज्ज्ञ मंडळानं म्हटलं होतं.

म्हणजे सुरक्षा परिषदेत वर्षानुवर्षं घासाघीस करून निर्बंध लावायचे, आणि एका जुगारघराच्या टेबलावरून ते निष्प्रभ व्हायचे. @अर्धविराम, हे भूगोलात कुठे बसवणार?

अर्धविराम

@रेघोट्या, बसत नाही, कबूल.

पण मग मला दुसरं बोलू द्या, कारण इथं सगळा रोख गरीब, कमकुवत देशांवर चाललाय. पैसा निघतो तिथून, पण उतरतो कुठे? न्यूयॉर्क, लंडन, दुबई, झुरिक. नियम कुणाला लावायचे हे तेच ठरवणार. अमेरिकेनं कंपन्यांचे खरे मालक नोंदवण्याचा कायदा केला, तो २०२४ मध्ये लागू झाला आणि मार्च २०२५ मध्ये देशातल्या कंपन्यांना त्यातून सरसकट सूट मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धच्या १९७७ च्या कायद्याची अंमलबजावणी तात्पुरती थांबवली. कारण काय दिलं, तर अमेरिकी कंपन्या स्पर्धेत मागे पडतात आणि परराष्ट्र धोरणाला बाधा येते. बघा, तुमच्या धाग्याचा विषय त्यांनी स्वतःच मान्य केला!

वित्तीय कृती दलाची (एफएटीएफ) करडी यादीही घ्या, मनी लाँडरिंग रोखण्यात कमी पडणाऱ्या देशांची. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२, चार वर्षांहून जास्त. संयुक्त अरब अमिराती मार्च २०२२ मध्ये आत, फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर. निकष कागदावर सगळ्यांना सारखेच. भ्रष्टाचारविरोध हेही एक शस्त्र झालंय, ते कुणावर उगारायचं हे सत्ता ठरवते. माझा मूळ मुद्दा तोच होता, कदाचित नीट मांडला नाही.

तिसरी घंटा

आता कसं बोललात. यावर +१.

खातेवही

@अर्धविराम, शंभर टक्के. पैसा उतरवून घेणारे नसते तर काढून नेणाऱ्याला तो घरात गादीखालीच ठेवावा लागला असता.

मोल्दोव्हाबद्दल एक भर घालतो, कारण धागाकर्त्यानं दिलेल्या चोरीच्या आधीपासून तिथं दुसरा एक व्यवहार चालू होता. २०१० ते २०१४. समजा, ब्रिटनमधली एक कागदी कंपनी दुसऱ्या कागदी कंपनीला काही कोटी डॉलर 'उसने' देते. प्रत्यक्षात काहीच देत नाही. या उसनवारीला एक रशियन कंपनी जामीन राहते, आणि जोडीला एक मोल्दोव्हाचा नागरिक. पैसे थकल्याचं जाहीर होतं. जामिनांत मोल्दोव्हाचा माणूस असल्यानं खटला तिथल्या न्यायालयात जातो, आणि न्यायाधीश निकाल देतो की रशियन कंपनीनं पैसे भरावेत. झालं! रशियातून पैसा आता न्यायालयाच्या हुकमानं, अगदी कायदेशीरपणे बाहेर पडतो. मोल्दोव्हातली बँक, तिथून लॅटव्हियातली बँक, म्हणजे युरोपीय संघाच्या आत. आणि मग जगभर. २० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अशी फिरली. पुढे यात अनेक न्यायाधीशांची चौकशी झाली.

विचार करा, ज्या देशाचं न्यायालय दुसऱ्या देशातला पैसा धुण्याचं यंत्र बनलंय, त्या देशात बँक लुटल्याचा खटला उभा कसा राहणार? कुंपणच शेत खातंय. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या छोट्याशा शाखेतून २००७ ते २०१५ मध्ये २०० अब्ज युरोंचे, मुख्यतः परदेशी ग्राहकांचे व्यवहार गेले आणि त्यांतले बरेच संशयास्पद होते. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं २०१३ पासून लेखी इशारे दिले होते. त्याच्या जागी मी स्वतःला बऱ्याचदा पाहिलंय.

नदीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री उशिरापर्यंत सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले.

@अर्धविराम, तुमच्यामुळे माझा प्रश्न बदलला. मी कारण की लक्षण असं विचारत होतो. आता वाटतंय, पैसा चोरणाऱ्याला आसरा लागतो, आणि आसरा देणाऱ्याच्या हाती त्याची दोरी जाते. शोरला मॉस्कोनं आसरा दिला. म्यानमारच्या घराण्यांना लष्करानं दिला. उत्तर कोरियाच्या पैशाला जुगारघरांनी दिला. देश कमकुवत होतो तो पैसा गेल्यामुळे, पण दुसऱ्याच्या मुठीत जातो तो या आसऱ्यामुळे. हे माझं मत, पटलं नाही तर खोडा.

आता एक विचारतो, कारण हे वाचून जीव तुटतो. गेलेला पैसा कधी परत येतो का? आणि आलाच तर ज्यांचा होता त्यांना मिळतो का?

पूर्वरंग

येतो, फार थोडा आणि फार उशिरा. नायजेरियाचे लष्करशहा सानी अबाचा १९९८ मध्ये वारले. त्यांनी बाहेर नेलेला पैसा स्वित्झर्लंड, जर्सी, अमेरिका अशा ठिकाणांहून आजवर तुकड्या-तुकड्यांनी परत येतोय. पहिल्या खेपांच्या वापराबद्दल पुष्कळ प्रश्न उठले. म्हणून २०१७ मध्ये स्वित्झर्लंडनं सुमारे ३२ कोटी डॉलर परत करताना अट घातली, की पैसे जागतिक बँकेच्या देखरेखीखाली गरीब कुटुंबांना थेट द्यायचे.

कझाकस्तानचं उदाहरण मला जास्त आवडतं. तेलाच्या लाचेपोटी स्विस बँकेत गोठवलेले ८ कोटी ४० लाख डॉलर होते. सरकारला परत द्यावेत तर ज्यांनी घेतले त्यांनाच पुन्हा मिळणार. मग 'बोटा' नावाची स्वतंत्र संस्था काढली, २००९ ते २०१४. पैसे सरकारच्या हाताला न लागता गरीब मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाला, आरोग्याला, कॉलेजच्या शिष्यवृत्त्यांना गेले. बोटा म्हणजे कझाक भाषेत उंटाचं पिल्लू.

काजवा

उंटाचं पिल्लू. या धाग्यावर पहिल्यांदाच बरं वाटलं.

अर्धविराम

@नदीकाठ, 'आसरा' हा शब्द पटला. खोडत नाही. फक्त आसरा देणाऱ्यांच्या यादीत आमच्या-तुमच्या आवडत्या, सभ्य राजधान्याही लिहा.

@पूर्वरंग, बोटाबद्दल माहीत नव्हतं. वाचतो.

नदीकाठ (धागाकर्ता)

लिहिल्या. :)

मोल्दोव्हाचं राहिलं होतं, ते सांगून टाकतो. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत युरोपधार्जिणा पक्ष बहुमत राखून राहिला. तिथला एके काळचा सर्वशक्तिमान उद्योगपती आणि राजकारणी व्लादिमिर प्लाहोत्निउक, ज्याच्यावरही याच बँक-चोरीचे आरोप होते, त्याला त्याच महिन्यात ग्रीसनं परत पाठवलं.

पण गेलेल्या १ अब्जापैकी फारच थोडं हाती लागलंय. बँका कोसळू नयेत म्हणून मध्यवर्ती बँकेनं आणीबाणीची कर्जं दिली होती, ती २०१६ मध्ये सरकारी कर्जरोख्यांत बदलली. मुदत २५ वर्षं. म्हणजे चोरी झाली तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता कमवायच्या वयाला येत असतील, आणि २०४१ पर्यंत ती याचे हप्ते फेडत राहतील.